धम्मदीपची हजेरी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून मीच करून देतो. दक्षिण इंग्लंडमधल्या एका भल्यामोठ्या विद्यापीठात, तळमजल्यावरच्या मोठ्या व्याख्यानगृहाच्या दाराशेजारी भिंतीला चिकटलेला एक पांढरा डबा आहे. तो मी. हजेरीचा डबा. मुलं येतात, आपलं कार्ड माझ्या छातीला लावतात, मी ‘टिंग’ करून हिरवा दिवा लावतो आणि तिकडे ऑफिसातल्या संगणकावर त्या मुलाच्या नावापुढे ‘हजर’ असं उमटतं. कार्ड बंद झालेलं असेल तर लाल दिवा लागतो. एवढंच माझं शिक्षण. आत बसून पदव्या घेणाऱ्यांपुढे ते काहीच नाही. पण दाराशी उभं राहणाऱ्याला जी माणसं दिसतात, ती आत फळ्याकडे तोंड करून बसणाऱ्याला दिसत नाहीत, हे मात्र खरं.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्याबरोबरची भावंडं जगभर पांगली. काही ऑफिसांत गेली, काही जिममध्ये. जिमवाल्यांचं नशीब थोर. जानेवारीत गर्दी, मार्चपासून आराम. मी आलो विद्यापीठाच्या वाट्याला. एका सप्टेंबरात मला भिंतीवर ठोकलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर छोटासा समारंभ झाला. केक होता. तो मला मिळाला नाही, पण भाषण मिळालं. एक मोठे साहेब म्हणाले, “हे यंत्र पहारेकरी नाही. एवढ्या मोठ्या कॅम्पसवर कुणी एकटं पडू नये, म्हणून हे आहे. कुणी बरेच दिवस दिसलं नाही, तर आमचं माणूस त्याच्या दारावर जाऊन विचारेल, बाबा रे, बरा आहेस ना?”

साहेबांची भाषणं ऐकून घ्यायची असतात, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण हे भाषण खरं निघालं. पहिल्याच वर्षी वेल्सहून आलेली एक मुलगी येईनाशी झाली. विद्यार्थी मदत कक्षातल्या प्रमोदिनीताईंनी ते हेरलं. प्रमोदिनीताई मूळच्या मिरजेच्या, नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांचं अर्धं आयुष्य याच देशात गेलेलं. त्या स्वतः त्या मुलीच्या खोलीवर गेल्या. पोरगी अंधारात पडून होती, जेवणखाण सोडून दिलेलं होतं. तिला दवाखान्यात नेलं, आईवडिलांना बोलावलं, आणि उन्हाळ्याआधी ती परत माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी मी ‘टिंग’ केलं तेव्हा प्रमोदिनीताई मुद्दाम तिथे आल्या होत्या. मला थोपटून म्हणाल्या, “शाबास रे बाबा.” मराठीत माझं कौतुक झालं ते तेव्हा.

तेव्हाच मला माझ्या कामाचा अर्थ कळला. मित्रांनो, ‘टिंग’ करणं हे माझं काम नव्हतंच. एखाद्या दिवशी एखादं ‘टिंग’ न होणं, हे माझं खरं काम होतं. मी गप्प राहिलो की माणूस धावत जायचं.

माझ्यापुढून किती तऱ्हेचे हात गेले म्हणून सांगू! नायजेरियाचे, व्हिएतनामचे, इथल्याच हल आणि न्यूकॅसल शहरांतले, मेंदी लावलेले, लोकरी हातमोज्यातले, रात्रपाळीत खोकी उचलून खरचटलेले. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाने एक मोठं चित्र लावलं आहे. त्यात सगळ्या रंगांची मुलं हिरवळीवर बसून हसताहेत आणि खाली ‘हे सगळ्यांचं घर’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं आहे. खऱ्या मुलांच्या तोंडावर तेवढं हसू पहिल्या आठवड्यापुरतंच असतं. पुढे सगळे आपापल्या कामाला लागतात.

आणि एक गोष्ट त्या चित्रात दिसत नाही. दारातून आत सगळे एकत्र जातात, पण माझ्याकडे बघायच्या त्यांच्या नजरा दोन. इथे जन्मलेल्या मुलांना मी म्हणजे नुसती कटकट. व्हिसावर आलेल्यांना मी म्हणजे पोलीस. हजेरी कमी पडली की क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात नाव जातं आणि परतीचं विमान धरावं लागतं, असं ती एकमेकांना सांगत. कुणी सांगितलं, ते कुणालाच ठाऊक नसे. पण भीतीला पुरावा लागत नाही.

तर आता धम्मदीपची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हे सगळं मांडून बसलो.

धम्मदीप हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावचा. वडील काशीनाथ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. समाजकल्याणची स्कॉलरशिप मिळवून पोरगं इथे एम.एस्सी. करायला आलं. त्यांच्या गावातून इंग्लंडला आलेला तो पहिलाच. निघताना विहारात सत्कार झाला आणि गल्लीतल्या बायकांनी डोळे पुसत ओवाळलं, हे तो हसत हसत सांगायचा. कॅम्पसवरच्या खोल्या महाग म्हणून तो लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला राहायचा. एका किराणा दुकानाच्या वरची मागची खोली, आणखी एका पोराबरोबर. पहाटे उठून, गाड्या बदलत, क्रॉयडनवरून पुढे तो इथे पोचायचा आणि तरीही वर्गात पहिला असायचा. कार्ड लावताना माझ्याकडे बघून मान डोलवायचा. यंत्राला नमस्कार करणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही.

त्याचे दोस्त दोन. अर्जुन पुण्याचा, कॅम्पसवरच राहणारा, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखा. आणि मायरा, इथल्याच रीडिंग शहरात जन्मलेली. आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिचं मराठी ऐकून हे दोघं पोट धरून हसायचे. “माझा आई म्हणतो की तुम्ही दोघं वीकेंडला जेवायला यायचं,” असं ती म्हणायची, आणि ते लगेच हो म्हणायचे. चिडवायचे, पण जेवायला जायचे.

नोव्हेंबरात एकदा अर्जुनला उठायला उशीर झाला. धम्मदीपकडे त्याचं कार्ड राहिलं होतं. धम्मदीपने इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही कार्डं लावली. टिंग, टिंग. तुमच्याकडच्या कॉलेजात याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तिथे म्हणे मित्र वर्गात नसला तर आवाज बदलून ‘प्रेझेंट सर’ म्हणायचं, नाहीतर तो कसला मित्र! त्या दिवशी अर्जुन धापा टाकत आला तेव्हा धम्मदीपने त्याला कार्ड दिलं आणि म्हणाला, “लावलंय तुझं. चहा पाज.” दोघं हसत आत गेले. बरोबरच्या मायराला काही समजलं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

जानेवारीत धम्मदीपला खोकला लागला. त्याच्या खोलीची बाहेरची भिंत ओली, तिला काळी बुरशी. खिडकी उघडावी तर थंडी, लावावी तर वास. खोकला कॉरिडॉरच्या टोकापासून ऐकू यायचा. आधी खोकला यायचा, मग धम्मदीप यायचा. मान डोलवणं बंद झालं. एका सकाळी तो माझ्यावर तळहात टेकून तसाच उभा राहिला. हात चटका बसेल इतका तापला होता.

अर्जुन मागून आला. “अरे, तू घरी का नाही थांबलास? काय अवस्था आहे तुझी!”

“घरी थांबून कसं जमंल? हजेरी जाती ना,” धम्मदीप म्हणाला. “पण उद्यापासून येणं होईल असं वाटंना. गाडीत उभं राहिलं की छातीत कळ यायलीय.”

“इथल्या जीपी डॉक्टरकडे रजिस्टर केलंस का?”

“नाही केलं. आजारी म्हणून कुठं नोंद झाली अन् कोर्स थांबवला तर? ऑफिसात सांगितलं की व्हिसावाल्यांना कळतंय म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“समदेच म्हणतात.”

अर्जुनने क्षणभर विचार केला. मग हात पुढे केला. “दे कार्ड. तू मस्त झोप काढ, पॅरासिटामॉल घे, गरम काहीतरी पी. हजेरीचं टेन्शन अजिबात घ्यायचं नाही. मी बघतो.”

धम्मदीपच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं! तो म्हणाला, “लई उपकार झाले, गड्या.” आणि वर्गात न जाताच, भिंतीचा आधार घेत परत गेला. तो मला पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून अर्जुन दोन कार्डं लावू लागला. एकदा स्वतःचं, एकदा धम्मदीपचं. टिंग, टिंग. कधी चुकला नाही. स्वतः झोपेतून उशिरा उठणारा हा मुलगा, मित्राची हजेरी बुडू नये म्हणून रोज वेळेवर यायला लागला. खरं सांगतो, मित्रांनो, त्याच्या मायेबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. पण मी तळमळत होतो. प्रमोदिनीताईंना इल्फर्डच्या त्या खोलीपर्यंत नेईल अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, माझं गप्प राहणं. आणि अर्जुन मला गप्प राहू देत नव्हता. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. मला फक्त दिवा आहे, आणि कार्ड लागलं की तो हिरवाच लागतो.

पहिले काही दिवस धम्मदीप मेसेजला उत्तर द्यायचा. ‘बरा आहे.’ ‘झोपलो होतो.’ मग नुसता अंगठा यायला लागला. मग तोही येईना. त्याचा खोलीतला जोडीदार बहिणीच्या लग्नाला भारतात गेलेला होता, हे अर्जुनला माहीत होतं. “रविवारी जाऊन येऊ,” तो मायराला म्हणाला. रविवारी रुळांची दुरुस्ती निघाली, गाड्या बंद, बदली बस. पुढच्या रविवारी दुसऱ्या दिवशी असाइनमेंट द्यायची होती. इल्फर्ड काही चंद्रावर नाही. पण हिवाळ्यात, पावसात, लंडन ओलांडून जायचं म्हटलं की माणूस पुढचा रविवार शोधतो.

एका सकाळी माझ्यासमोरच मायराने अर्जुनचा हात धरला. त्याच्या हातात धम्मदीपचं कार्ड होतं.

“नको लावू,” ती म्हणाली.

“काय?”

“Just don’t tap it. तू नाही लावला तर ऑफिसचे लोक त्याच्या घरी जाईल ना? प्रमोदिनी आंटी जाईल. That’s literally what it’s for, अर्जुन.”

“आणि पुढे? ते रिपोर्ट करतील. व्हिसा गेला तर?”

“नाही जात व्हिसा. आजारी आहे तो. They help people. तू विचार तर.”

अर्जुनचा आवाज चढला. “मायरा, तुझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. तुला नाही कळायचं. इथे तुला सगळे हेल्पच करतात. त्याला परत पाठवलं ना, तर तो गावात कुठल्या तोंडाने जाईल? सगळं गाव सोडायला आलं होतं त्याला. मला त्याने विश्वासाने कार्ड दिलंय.”

मायराने हात सोडला. तिचा चेहरा पडला. आपल्याला या लोकांचं काही कळत नाही, असं तिला वाटलं असावं. तिच्या मराठीला सगळे हसत आले होते, आता तिच्या अकलेलाही हसतील, अशी भीती वाटली असेल. ती स्वतः प्रमोदिनीताईंकडे जाऊ शकली असती. त्यांचं ऑफिस याच इमारतीत, जिना चढून गेलं की समोर. ती गेली नाही.

अर्जुनने कार्ड लावलं. मी हिरवा दिवा लावला.

तो गुरुवार होता. शुक्रवारी त्यांचा वर्ग नसायचा. शनिवारी इल्फर्डच्या दुकानदाराला वरच्या खोलीतून काहीच हालचाल ऐकू येईना, म्हणून त्याने दार उघडवलं. न्यूमोनिया होता, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर दवाखान्यात गेला असता तर औषधांनी बरा झाला असता, असंही सांगितलं. उशाशी पॅरासिटामॉलची रिकामी पाकिटं होती आणि चार्ज संपलेला फोन.

सोमवारी अर्जुन नेहमीसारखा आला. स्वतःचं कार्ड लावलं. टिंग. मग धम्मदीपचं लावलं. लाल दिवा लागला. त्याने कार्ड पुसलं, पुन्हा लावलं. लाल. “अरे, याला काय झालं?” असं म्हणत त्याने ते उलटं करून लावलं. तेवढ्यात मायरा जिन्यावरून खाली आली. तिला वर ऑफिसात कळलं होतं.  ती नुसती मान हलवत राहिली. अर्जुनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या लाल दिव्याकडे, आणि तिथेच, माझ्याखाली, भिंतीला पाठ लावून तो फरशीवर बसला. मुलं त्याच्या पायांवरून वाट काढत आत जात होती. मी त्यांना टिंग, टिंग करत होतो. माझं काम थांबत नाही.

विद्यापीठाने सगळं रीतसर केलं. त्या हसऱ्या चित्राखाली मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली, दोन मिनिटं सगळा कॉरिडॉर शांत उभा राहिला. ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं अशा मुलीसुद्धा रडल्या. प्रमोदिनीताई माझ्याजवळ उभ्या होत्या. स्वतःशीच म्हणाल्या, “हजेरी तर पूर्ण होती रे याची. कसं कळणार होतं मला?” या वेळी त्यांनी मला थोपटलं नाही.

मग काशीनाथ आले. मुलाला घरी न्यायला. इल्फर्डच्या विहारातल्या माणसांनी त्यांना सांभाळलं होतं, कुणाचातरी मोठा कोट घातला होता, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. पोरगा जिथे शिकत होता ती जागा एकदा बघायची आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रमोदिनीताई त्यांना घेऊन आल्या. मागे अर्जुन आणि मायरा. हॉल रिकामा होता.

“काशीनाथराव, इथे बसायचा धम्मदीप,” प्रमोदिनीताई म्हणाल्या. त्यांना त्या माणसाला काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं जवळ काही नव्हतं. म्हणून म्हणाल्या, “फार मनापासून शिकत होता. एकही दिवस चुकला नाही तो. शेवटच्या गुरुवारपर्यंत हजेरी आहे त्याची.”

काशीनाथ माझ्याजवळ आले. “ह्यालाच लावायचा का कार्ड?”

“हो.”

त्यांनी आपला तळहात माझ्यावर ठेवला. एस.टी.च्या कामाने घट्टे पडलेला हात होता. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, “ताप असून बी येत होतं पोरगं. म्हणजे शेवटपर्यंत माणसांत होता. त्याच्या मायला हेच सांगतो आता. ती एकच विचारायली सारखी, फोनवर. एकटा होता का हो, एकटा होता का. सांगतो तिला, एकटा नव्हता. मित्र होते, मास्तर होते, रोज येणंजाणं होतं.”

मायराने अर्जुनकडे पाहिलं. प्रमोदिनीताई डोळे पुसत होत्या. त्या क्षणी अर्जुन गप्प राहिला असता तर कुणालाही कळलं नसतं. मला तोंड नाही, आणि ऑफिसातली नोंद तर धम्मदीपच्याच बाजूने होती. पण हा मुलगा मुळात खोटा नव्हता.

“काका,” तो म्हणाला.  मग एका दमात म्हणाला, “तो येत नव्हता. कार्ड माझ्याकडे होतं. त्याची हजेरी मी लावत होतो.”

प्रमोदिनीताईंचा पदराकडे गेलेला हात तसाच राहिला. काशीनाथ हळूच वळले. रागावले नाहीत. त्यांना आधी नीट समजून घ्यायचं होतं.

“मग तू जाऊन येत होतास का त्याच्याकडं?”

“नाही, काका.”

“एकदा बी?”

“रविवारी जाणार होतो.”

काशीनाथांनी माझ्यावरचा हात काढून घेतला. तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्यांनी तो कोटाच्या बाहीत ओढून घेतला आणि म्हणाले, “आता त्याच्या मायला काय सांगू?”

 चौघं रिकाम्या हॉलच्या दारात उभे होते, आणि माझा दिवा विझलेला होता.

मित्रांनो, आता मला काढून टाकणार आहेत. पुढच्या वर्षीपासून मुलं फोनवरूनच हजेरी लावतील. हजेरीचा कोड एकमेकांना पाठवणं तर अधिकच सोपं. मला जाण्याचं दुःख नाही. पण जाण्याआधी तुमच्यापाशी एक मागणं आहे. मी यंत्र आहे. कार्डामागचा माणूस मला कळत नाही, तुम्हाला कळतो. तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली तर ती झाकायला जाऊ नका. रिकामी राहू द्या, सगळ्यांना दिसू द्या. आणि त्याच दिवशी उठून त्याच्या घरी जा. रविवारची वाट बघू नका.